कॅम्पर व्हॅन आणि कॅराव्हॅनसाठी गॅस सिलिंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीत पलंग कसा बसवायचा, सोलर पॅनल किती वॅटचं घ्यायचं, हे सांगणारे पावलोपावली भेटतात. गॅसचं विचारलं की मात्र 'घरचाच टाका की' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये राहण्या-झोपण्याची सोय करून घेणारे, ओम्नीत शेगडी ठेवून कोकणात निघणारे आणि लडाखची तयारी करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. दर दिलेले नाहीत. ते सारखे बदलतात, ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी दुकानात विचारा.

गाडीसाठी कुठला सिलिंडर घ्यावा?

बहुतेकांसाठी उत्तर एकच आहे: ५ किलोचा, विनाकनेक्शन मिळणारा. इंडेनचा 'छोटू', एचपीचा 'अप्पू' आणि भारतगॅसचा 'मिनी' हे सगळे याच जातीचे. २०१३ पासून हे सिलिंडर खुल्या विक्रीत आहेत. ओळखपत्र दाखवलं की पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. वितरकाकडे, काही पेट्रोल पंपांवर आणि काही ठिकाणी किराणा दुकानातसुद्धा मिळतात.

गाडीसाठी सिलिंडर निवडताना लोक 'गॅस किती मावतो' इथून सुरुवात करतात. खरं तर 'रिकामा झाल्यावर तो कुठे बदलून मिळेल' इथून सुरुवात करायला हवी. आपल्याकडे सिलिंडर कुणी तुमच्यासमोर भरून देत नाही. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. भरण्याचं काम उरण किंवा चाकणसारख्या बॉटलिंग प्लांटमध्येच होतं. म्हणजे तुमच्याजवळचा सिलिंडर ज्या कंपनीचा, त्या कंपनीचं दुकान वाटेत हवं. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या दोन-तीन मोठ्या गावांतल्या वितरकांना फोन करून 'पाच किलोचा खुल्या विक्रीतला आहे का' एवढं विचारून ठेवा. तालुक्याच्या गावी वितरक असतो, पण त्याच्याकडे हाच सिलिंडर शिलकीत असेल असं नाही.

किलोमागे हा गॅस घरगुतीपेक्षा महाग पडतो, कारण त्याचा दर बाजारभावाने ठरतो. प्रवासात हा फरक चहा-नाश्त्याच्या एखाद-दोन बिलांएवढा. त्यासाठी जीव टांगणीला लावू नये.

घरचा १४.२ किलोचा नेला तर काय बिघडतं?

बऱ्याच गोष्टी. भरलेल्या सिलिंडरचं वजन तीस किलोच्या आसपास जातं, आणि घाटात वळण घेताना ते वजन जागचं हलू न देणं सोपं नाही. दुसरं, तो तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावरच्या स्वयंपाकघरासाठी दिलेला असतो. रत्नागिरीत संपला तर तिथला वितरक पुण्याच्या कनेक्शनवर दुसरा देणार नाही. रिकामं ओझं घेऊन परत यावं लागतं. तिसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते: गॅस अपघातासाठी तेल कंपन्यांचा जो विमा असतो, त्यात मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेपुरती असते. महाबळेश्वरच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी म्हणजे नोंदलेली जागा नव्हे.

गाडी भाड्याने देण्याचा धंदा असेल तर घरगुती सिलिंडर त्यात ठेवणं सरळसरळ बेकायदा आहे. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आल्यानंतर अशा भाड्याच्या गाड्या दिसू लागल्या. तुम्ही भाड्याने घेत असाल तर सिलिंडरचा रंग बघा. घरगुती लाल असतो, १९ किलोचा व्यावसायिक निळा.

बाजारात शेगडी वरच बसवलेले छोटे सिलिंडर स्वस्तात मिळतात. ते का नकोत?

कारण ते भरायला अधिकृत जागाच नाही. कुठल्याही तेल कंपनीचे ते नसतात, त्यामुळे बदलून मिळत नाहीत. मग उरतो गल्लीतला 'किलोवर गॅस भरून देणारा'. तो घरगुती सिलिंडर उलटा टांगतो, मधे एक नळी जोडतो आणि तुमच्या टाकीत गॅस उतरवतो. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात असा गॅस काढणं गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि तापला की हा द्रव चांगलाच फुगतो. म्हणून सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ३३.३ लिटर पाणी मावतं, पण त्यात गॅस भरतात तो साधारण २६ लिटर. वरची जागा फुगण्यासाठी सोडलेली असते. प्लांटमध्ये हे वजनावर मोजलं जातं. गल्लीत अंदाजावर. पहाटेच्या गारव्यात तोंडापर्यंत भरलेली टाकी दुपारी चंद्रपूरच्या उन्हात उभ्या गाडीत राहिली तर फुगणाऱ्या द्रवाला जागाच उरत नाही, आणि द्रव दाबला जात नसल्याने आतला दाब झपाट्याने चढतो. टाकीचं पोलाद पातळ, व्हॉल्व्ह हलक्या प्रतीचा, कधी चाचणी झाली याचा पत्ता नाही.

सिलिंडर भरण्याचे परवाने देणारी केंद्राची संस्था, पेसो, आपल्या नागपुरात आहे. तिचा परवाना गल्लीतल्या माणसाकडे नसतो.

परदेशी व्हिडिओंमध्ये लोक पंपावर सिलिंडर भरताना दिसतात. आपल्याकडे ऑटो एलपीजी पंपावर का चालत नाही?

युरोपात ज्या टाक्या पंपावर भरतात त्या मुद्दाम त्यासाठी बनवलेल्या असतात. ८० टक्के भरलं की आतला व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. टाकी गाडीत कायमची बसवलेली असते आणि भरायचं तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतं. आपल्या सिलिंडरला असा थांबवणारा व्हॉल्व्ह नाही. पंपावरच्या रिक्षावाल्यांच्या रांगेत सिलिंडर घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. पंपवाला देणार नाही, आणि देत असेल तर तुम्ही घेऊ नका.

दुकानातून घेताना काय तपासायचं?

सील तोडून टोपी काढायला सांगा आणि व्हॉल्व्हच्या तोंडात डोकावून बघा. आत काळी रबरी रिंग असते. ती चिरलेली, चपटी झालेली किंवा गायबच असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसला तरी गॅस झिरपणार. गळती निघते ती बहुतेकदा या चार आण्यांच्या रिंगेपाशी. तोंडावर थोडं साबणाचं पाणी सोडलं की बुडबुडे लगेच सांगतात. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

मग चाचणीची तारीख. वरच्या गोल मुठीला आधार देणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. 'बी २८' म्हणजे जून २०२८ पर्यंत चालेल. तारीख उलटून गेली असेल तर दुसरा मागा.

शेवटी वजन. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं. त्यात पाच किलो मिळवा आणि काट्यावर ठेवायला सांगा. टोपी आणि तिची दोरी फेकू नका. रेग्युलेटर काढला की ती टोपी परत बसवायची असते, आणि गाडीत ती सापडत नाही असा सगळ्यांचाच अनुभव आहे. दोरीने सिलिंडरलाच बांधून ठेवा.

पाच किलो किती दिवस पुरतो?

एक किलो गॅसमधून साधारण पावणेतेरा युनिट (वीजबिलातलं असतं तेच युनिट) उष्णता मिळते. मोठा बर्नर पूर्ण सोडला तर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास जातो. अर्धा लिटर पाणी उकळायला ६ ते ८ ग्रॅम, चहा मुरेपर्यंत उकळला की त्याच्या दुप्पट. दोन वेळचा चहा, एक कुकर, एक भाजी आणि चार-सहा पोळ्या असं दोघांचं रोजचं धरलं तर १३० ते १५० ग्रॅम होतात. म्हणजे महिनाभर आरामात.

अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायला लागलात की हिशेब बिघडतो. एका बादलीमागे ५० ते ६० ग्रॅम. दोघांच्या अंघोळी रोज गॅसवर केल्या तर महिन्याचा सिलिंडर तीन आठवड्यांत संपतो. उन्हात काळ्या पिशवीत तापवलेलं पाणी कोकणात डिसेंबरातसुद्धा पुरेसं होतं.

किती शिल्लक आहे हे कसं कळतं?

हलवून नाही. सामान तोलायचा हुकाचा काटा गाडीत ठेवा, सिलिंडर लटकवा, त्यावर लिहिलेलं रिकामं वजन वजा करा. काटा नसेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर उभा पुसून घ्या. द्रव जिथवर आहे तिथला ओलावा उशिरा सुकतो, आणि ती रेघ स्पष्ट दिसते. ज्वाला मंद झाली म्हणजे गॅस संपत आला असं समजू नका. थंडीमुळेही मंद होते, त्याबद्दल पुढे.

पारदर्शक दिसणारा कंपोझिट सिलिंडर घ्यावा का?

मिळत असेल तर गाडीसाठी तो उत्तम. आत प्लास्टिकचं अस्तर, त्यावर काचतंतूंचं वेष्टन, बाहेर पुन्हा प्लास्टिकचं कवच. पोलादी सिलिंडरच्या जवळपास निम्म्या वजनाचा, गंजत नाही, ओट्याच्या कप्प्यात तांबूस डाग पडत नाहीत आणि प्रकाशात धरला की आतली पातळी दिसते. इंडेनने तो २०२१ मध्ये ५ आणि १० किलोत आणला. १० किलोचा घरगुती कनेक्शनवरच मिळतो, त्यामुळे आपल्या कामाचा ५ चा. अडचण एकच, तो सगळीकडे मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या आसपास फिरणाऱ्यांनी घ्यावा, लांब पल्ल्याला पोलादीच बरा.

गाडीत सिलिंडर कुठे ठेवायचा?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो सगळ्यात कमी वेळा विचारला जातो.

एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळाला की वर जात नाही, जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागी साचतो. साडेतीन मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद आणि आत उभं राहता येईल अशा गाडीत साधारण अकरा घनमीटर हवा असते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ठिणगीने पेट घेतो. हिशेब केला तर अर्धा किलोसुद्धा गॅस लागत नाही. आणि तो तळाशी साचत असल्याने त्याहून कितीतरी कमी गॅसमध्ये पलंगाच्या उंचीपर्यंत धोका तयार होतो.

म्हणून सिलिंडरला स्वतंत्र कप्पा हवा. त्याचं दार शक्यतो गाडीच्या बाहेरून उघडणारं, आतल्या बाजूने कप्पा पूर्ण बंद, आणि तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक. तेही कशानेही न झाकलेलं. सुताराला जाळी बसवायला सांगितली की तो हमखास वरच्या बाजूला बसवतो, कारण घरातली हवेची जाळी वर असते. इथे ती खाली पाहिजे. भोकाच्या खाली सायलेन्सरचा पाइप किंवा चाकाजवळचा तापणारा भाग येत नाही ना, हे गाडीखाली वाकून बघा. त्याच कप्प्यात बॅटरी, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप असलं काहीही ठेवू नका. सिलिंडर उभाच, आणि पट्ट्याने दोन ठिकाणी बांधलेला. आडवा ठेवला तर रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव शिरतो आणि बर्नरमधून भडका येतो.

गळती सांगणारा अलार्म तळापासून वीतभर उंचीवर लावा. छताला लावलेला अलार्म शोभेचा.

रेग्युलेटर, नळी आणि शेगडी कुठली?

रेग्युलेटर त्याच दुकानातून, सिलिंडरवर बसवून बघून घ्या. नळी स्टीलच्या जाळीची नारिंगी 'सुरक्षा' नळी. तिचं आयुष्य पाच वर्षं आणि तारीख तिच्यावर छापलेली असते. गाडीत हादरे जास्त, म्हणून दर सहलीआधी वाकवून भेगा बघा. दीड मीटरपेक्षा लांब अंतर असेल तर दोन नळ्या जोडून काम भागवू नका, मधे तांब्याचा पाइप क्लॅम्प मारून घ्या. प्लायच्या मागे लपवलेली नळी उंदीर कुरतडतो आणि ते कळत नाही.

शेगडीबाबत एक सूचना. घरात पाइपगॅस आल्यावर अडगळीत पडलेली शेगडी गाडीत टाकणारे बरेच आहेत. पाइपगॅससाठी तिचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक तोंडं, बदललेले असतात, भोकं मोठी असतात. त्यावर सिलिंडरचा गॅस लावला तर पिवळ्या, काजळी धरणाऱ्या लांब ज्वाला येतात. जुने जेट परत बसवून घेतल्याशिवाय ती वापरू नका.

गाडी चालू असताना किंवा रात्री झोपताना?

रेग्युलेटर बंद. शेगडीचं बटण नव्हे, रेग्युलेटर. पंपावर डिझेल भरताना आणि दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीवर चढतानाही तेच. रेल्वेत आणि विमानात सिलिंडर नेता येत नाही, रिकामासुद्धा नेण्याच्या भानगडीत पडू नका.

लडाख, स्पितीत गॅस चालत नाही म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. ब्युटेन मात्र शून्याच्या किंचित खालीच थांबतो, उणे अर्ध्या अंशाला. सिलिंडर नवा असताना थंडीत बऱ्यापैकी चालतो, कारण प्रोपेन आधी निघून जातो. अर्धा झाला की मागे राहतो मुख्यतः ब्युटेन, आणि स्पितीतल्या काझाच्या ऑक्टोबरातल्या पहाटे तो सिलिंडरात पाण्यासारखा खळखळत बसून राहतो. गॅस आहे, वजन आहे, ज्वाला नाही.

त्यातच गॅस निघताना सिलिंडर स्वतः थंड होत जातो. मोठा बर्नर बराच वेळ चालवला की बाहेरून दव, मग हिम धरतं. छोटा सिलिंडर यात लवकर हरतो. उपाय साधे आहेत: बर्नर बारीक ठेवा, निघताना मनालीत किंवा श्रीनगरात भरलेला सिलिंडर घ्या, अर्धा झालेला घेऊन वर चढू नका. सकाळी अडला तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा. उकळतं पाणी नको, आणि मेणबत्ती किंवा स्टोव्ह खाली धरणं तर मुळीच नको. महामार्गावर थांबलेल्या ट्रकवाल्यांना तसं करताना तुम्ही पाहिलं असेल, तरीही नको.

उंचीचा वेगळा खर्च असतो. लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर पाणी ८८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा दिवसभर शिजत राहील. कुकर न्या.

गॅसवर गाडी उबदार करता येते का? गीझर?

शेगडी पेटवून झोपणं म्हणजे आत्महत्या. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, त्याने झोप येते आणि जाग येत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने दरवर्षी हिवाळ्यात माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. गाडी त्या बाथरूमपेक्षा फार मोठी नसते. धूर बाहेर सोडणारी नळी नसलेला गीझर गाडीत लावू नका. बाहेर, मोकळ्यावर, टेंटच्या आडोशाला वापरा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो झोपल्यावर डोकं असतं त्या उंचीला लावा. स्वयंपाक करताना एक खिडकी उघडी, पावसातसुद्धा.

मग इंडक्शनच का नको?

चालेल, पण हिशेब बघा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. पाच किलो गॅसमध्ये साठहून जास्त युनिट उष्णता असते. निम्मी वाया गेली तरी फरक मोठा राहतो. उन्हाळ्यात चहा-अंड्यांना इंडक्शन छान. जुलैत आंबोलीत चार दिवस सूर्यदर्शन नसताना सोलरवर कुकर लावणं जमत नाही.

वास आला तर?

दिव्याचं बटण दाबू नका, चालू असेल तर बंदही करू नका. गाडी सुरू करू नका, मोबाइल बाहेर जाऊन वापरा. रेग्युलेटर बंद करा, सगळी दारं उघडा, खाली उतरा. १९०६ हा गॅस गळतीचा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे.

परदेशात मोटरहोम भाड्याने घेतोय. तिथे काय वेगळं?

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात भाड्याच्या गाडीत बहुधा ९ किलोची बाटली असते आणि तिथे दोन्ही मिळतं: बदलून घ्या किंवा समोर भरून घ्या. बाटलीवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर भरून देत नाहीत. ऑस्ट्रेलियात जुन्या बाटल्यांना उलट्या आट्यांचा पितळी नट, नव्यांना हाताने फिरवायचं एलसीसी-२७ तोंड. घेताना आपल्या नळीला कुठलं बसतं ते बघा.

ब्रिटनमध्ये रंगाचा अर्थ आपल्यापेक्षा वेगळा: कॅलर कंपनीची लाल बाटली प्रोपेनची, निळी ब्युटेनची. स्कॉटलंडला हिवाळ्यात जात असाल तर लाल. युरोपात देश बदलला की जोडणीचं तोंड बदलतं, त्यामुळे ब्रिटनची बाटली फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही. निळी छोटी कॅम्पिंगाझ बाटली मात्र बऱ्याच देशांत मिळते. तिच्या सर्वात मोठ्या, ९०७ क्रमांकाच्या बाटलीत २.७५ किलो ब्युटेन असतो. दोघांना आठवडा-पंधरवडा पुरतो, पण आल्प्समध्ये ऑक्टोबरानंतर तिच्यावर विसंबू नका. गाडी परत करताना बाटली भरून द्यायची की नाही, हे करारात आधीच वाचून ठेवा.